सरकारी कागदाच्या नावाने येणारे फोन आणि पत्रं : दुकानदारांनो, या चुका टाळा

कळव्यात घरून पोळीभाजीचे डबे देणाऱ्या एक ताई मार्चमध्ये माझ्याकडे आल्या. मोबाईलवर पैसे भरल्याची पावती होती. ‘उद्यमचं रिन्यूअल केलंय, आता बँकेचं काम होईल ना?’

उद्यम म्हणजे छोट्या व्यवसायांची केंद्र सरकारकडची नोंदणी, आणि तिचं रिन्यूअल नसतंच. १ जुलै २०२० पासून सुरू असलेली ही नोंदणी मोफत आहे, एकदा केली की कायमची, आणि तिला एकही कागद अपलोड करावा लागत नाही. ताईंनी अडीच हजार भरले होते, म्हणजे दोन दिवसांच्या डब्यांचे पैसे. बदल्यात आलेलं प्रमाणपत्र त्यांचं जुनंच होतं. क्रमांक तोच, तारीख तीच.

ठाण्याच्या नौपाड्यात हिशेबाचं काम करताना असे प्रकार मी सतत पाहते. यात सापडणारी माणसं अडाणी नसतात. कागदपत्रं वेळेवर व्हावीत अशी त्यांची प्रामाणिक धडपड असते आणि ‘आज शेवटची तारीख’ हे शब्द नेमके त्यांनाच लागतात.

‘त्याला माझं सगळं माहीत होतं’

सगळ्यात मोठी चूक इथे होते. समोरचा दुकानाचं नाव, पत्ता, जीएसटी क्रमांक धडाधड सांगतो आणि आपण त्याला अधिकारी समजतो. पण जीएसटी क्रमांक नियमाप्रमाणे आपणच दुकानाच्या पाटीवर लावलेला असतो. तो पोर्टलवर टाकला की नाव, पत्ता, नोंदणीची तारीख कुणालाही दिसते. कंपनी काढली तर तिच्या नोंदी खुल्या असतात, ट्रेडमार्कचा अर्ज सरकारी जर्नलमध्ये छापला जातो. म्हणूनच नवी नोंदणी झाली की फोनांची रांग लागते. कुणी ट्रेडमार्कचं नाव ‘आंतरराष्ट्रीय यादीत’ घालायचं बिल पाठवतो. तुमची माहिती असणं म्हणजे अधिकार असणं नव्हे, एवढं जांभळी नाक्यावरच्या प्रत्येक दुकानदाराला सांगत फिरावंसं वाटतं मला.

गुगलवर पहिलं दिसलं तेच उघडणं

वर दिसते ती बऱ्याचदा पैसे देऊन लावलेली जाहिरात असते. आत तिरंगा, अशोकस्तंभासारखं चित्र, आणि अगदी तळाला बारीक अक्षरांत ‘आम्ही खासगी सल्लागार आहोत’. मदतीचे पैसे घेणं बेकायदा नाही, मीही घेते. सरकार असल्याचा आव आणून घेणं चूक. पत्त्याचा शेवट पाहा : ‘जीओव्ही डॉट इन’ किंवा ‘एनआयसी डॉट इन’. हे शब्द मधे कुठेतरी घुसडून शेवटी ‘डॉट ऑर्ग’ किंवा ‘डॉट कॉम’ असेल तर लगेच बाहेर पडा. आणि आलेल्या पत्रातल्या किंवा मेसेजमधल्या लिंकवरून जाऊच नका, पत्ता स्वतः टाईप करा.

ओटीपी सांगून टाकणं, कागद पाठवून देणं

गेलेले अडीच हजार एकदाच जातात. खरा धोका इथे आहे. पॅन, आधार, लाईट बिल, भाडेकरार व्हॉट्सअ‍ॅपवर अनोळखी माणसाला पाठवलात, तर त्याच कागदांवर तुमच्या नावाने दुसरी जीएसटी नोंदणी काढून खोटी बिलं फाडली जाऊ शकतात. नोटीस मात्र तुमच्या नावाने निघते. जीएसटी पोर्टलवर पॅन टाकून शोधायची सोय आहे, त्या पॅनवरच्या सगळ्या नोंदण्या तिथे दिसतात. आजच पाहून घ्या.

दुसरं, नोंदणी करणारा त्यात स्वतःचाच मोबाईल आणि ईमेल टाकतो. मग खऱ्या नोटिसा त्याच्याकडे जातात आणि आपल्याला पत्ताच लागत नाही. कुठल्याही नोंदणीत मोबाईल नंबर आपलाच हवा, भले काम सीए करो. जीएसटीत दुसऱ्याचा नंबर असेल तर तुमच्या विभागाच्या जीएसटी अधिकाऱ्याकडे कागदांसह अर्ज करून तो बदलता येतो.

नोटिशीला घाबरून पैसे देणं

केंद्रीय जीएसटी विभागाकडून पोर्टलबाहेर आलेल्या पत्रावर २० अक्षर-अंकी डीआयएन, म्हणजे त्या पत्राचा ओळख क्रमांक, असतो; ही पद्धत ८ नोव्हेंबर २०१९ ला सुरू झाली. तो विभागाच्या संकेतस्थळावर टाकून पत्र खरं आहे का ते तपासता येतं. माणूस दुकानात आला तर ओळखपत्र आणि लेखी पत्र मागा, फोटो काढून घ्या, सीएला फोन लावा. सरकारी शुल्क कुणाच्या वैयक्तिक यूपीआयवर जात नाही.

गुमास्त्याचंही, म्हणजे दुकानाच्या नोंदणीचंही, तसंच. २०१७ च्या कायद्याने मोजकेच कामगार असलेल्या दुकानाला फक्त ऑनलाईन सूचना द्यायची असते. तिच्या ‘नूतनीकरणा’साठी कुणी आलं तर चहाही देऊ नका.

पैसे गेलेच असतील तर

लाज वाटून गप्प बसू नका. लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनवर फोन करा आणि बँकेला कळवा. जितक्या लवकर कळवाल, तितकी पुढच्या खात्यात रक्कम अडवली जाण्याची शक्यता जास्त. पावती, मेसेज, वेबसाईटचा पत्ता यांचे स्क्रीनशॉट ठेवा. उद्यमबद्दलची मदत जिल्हा उद्योग केंद्रात मोफत मिळते.

ताईंनी त्या दिवशी माझ्या टेबलाशी बसून स्वतःच्या मोबाईलवर ओटीपी घेतला आणि तेच प्रमाणपत्र खऱ्या पोर्टलवरून काढलं. मग तक्रारीसाठी १९३० लावला. तोवर दुपारच्या डब्यांची वेळ झाली होती, म्हणून फोन कानाला लावूनच जिना उतरल्या.