कापडी बास्केट उभी राहत नाही? या चुका टाळा

सोलापुरात जाड कापडाला तोटा नाही. घरात रंग विटलेली पण दणकट चादर असतेच, गणवेश शिवणाऱ्या कारखान्यांतून कटपीस निघतात. तरीही घरी शिवलेली बास्केट दोन-चार दिवसांत मान टाकते. दोष बहुतेक वेळा मशीनचा नसतो. एकतर कापतानाच माप चुकलेलं असतं, नाहीतर कडकपणा भलत्याच जागी दिलेला असतो.

इथली मापं लांबी, रुंदी, उंची २० सेंमी असलेल्या चौकोनी बास्केटची आहेत. माया, म्हणजे शिवणीबाहेर ठेवायचं जास्तीचं कापड, सगळीकडे १ सेंमी. बाहेरच्या कापडाचे ४२ × ३२ सेंमीचे दोन तुकडे, अस्तराचेही तेवढेच दोन.

मोर खाली डोकं वर पाय

एकच लांब तुकडा मधोमध दुमडला की तळाची शिवण वाचते. साध्या कापडाला ते चालतं. चादरीवर मोर असेल तर मात्र तो एका बाजूला सरळ आणि दुसऱ्या बाजूला उलटा येतो. नक्षीला वर-खाली असेल तर दोन तुकडेच कापा.

सोलापुरी चादरीत आणखी एक गफलत होते. नक्षी दोन्ही बाजूंना सारखीच दिसते, फक्त रंगांची अदलाबदल होते. घाईत एक तुकडा या बाजूने आणि दुसरा त्या बाजूने जोडला जातो आणि ते उलटवल्यावरच लक्षात येतं. कापतानाच आतल्या बाजूला खडूने फुली मारा. या विणीचे धागेही पटकन सुटतात, म्हणून कापल्याबरोबर कडेपासून ५ मिमी आत एक टीप मारून घ्या. चादर नवी असेल तर आधी धुऊन, वाळवून इस्त्री करा. नाहीतर पहिल्या धुण्यात चादर आटते, टेरिकॉटचं अस्तर तसंच राहतं आणि आत चुण्या पडतात.

कोपऱ्यातला एक सेंमी

सर्वांत जास्त बास्केट इथे बिघडतात. तळ चौकोनी होण्यासाठी खालच्या दोन्ही कोपऱ्यांतून १० × १० सेंमीचे चौकोन कापायचे असतात. हे १० सेंमी कापडाच्या कडेपासून मोजायचे, शिवणीच्या रेषेपासून नाही. शिवणीपासून मोजलंत तर चौकोन प्रत्यक्षात ११ सेंमीचा होतो, तळाची एक बाजू २२ सेंमी, दुसरी १८ येते आणि उंची १९ वर उतरते. मग २० चा म्हणून कापलेला पुठ्ठा एकीकडे अडतो, दुसरीकडे सैल राहतो आणि दोष पुठ्ठ्याला दिला जातो.

कोपरा जोडताना बाजूची शिवण आणि तळाची शिवण एकमेकींवर नेमकी यायला हवी. दोन्हींची माया एकाच बाजूला वळवली तर तिथे मोठी गाठ होते. एकीची डावीकडे, दुसरीची उजवीकडे वळवा आणि टाचणी शिवणीतच टोचा.

कडकपणा मायेत जाऊ देऊ नका

बकरम (कडकपणासाठी आत घालायचं ताठ कापड) किंवा पर्स-बॅगांना वापरतात तो ५ मिमीचा फोम कापडाएवढाच कापला तर तो शिवणीत अडकतो. कोपऱ्यावर इतके थर येतात की सुई मोडते. मोडली नाही तरी कोपरा नीट उलटत नाही, गोल आणि फुगीर राहतो. फोम चारी बाजूंनी, कोपऱ्याच्या खाचेतही, सव्वा सेंमी कमी कापा.

पण शिवणीत न अडकलेला फोम आत घसरतो आणि तळाशी गोळा होतो. त्यासाठी मांजरपाटाचा (साध्या, न रंगवलेल्या सुती कापडाचा) तुकडा बाहेरच्या कापडाच्या मापाचा कापा, त्यावर मधोमध फोम ठेवा, फोमच्या कडेने एक आणि मध्ये दोन उभ्या टिपा मारा. हा थर चादरीच्या आतल्या बाजूला कच्च्या शिलाईने जोडला की दर्शनी बाजू स्वच्छ राहते. चिकट पेस्टिंगही (इस्त्रीने चिकटणारं कडक अस्तर) मांजरपाटावरच लावा. चादरीच्या उंचसखल विणीवर डिंक सगळीकडे टेकत नाही आणि फुगे येतात. इस्त्री सरकवू नका, एका जागी दहा-पंधरा सेकंद दाबून धरा आणि पूर्ण गार होईपर्यंत तुकडा उचलू नका.

खळीचं बकरम स्वस्त पडतं, पण पाणी लागलं की मऊ पडतं. घेण्याआधी तळहाताएवढा तुकडा दहा मिनिटं पाण्यात ठेवून वाळवून बघा. बास्केट धुवायची असेल तर फोमच बरा.

अस्तर आत लोंबतं

फोमच्या जाडीमुळे आतली जागा कमी होते, पण अस्तर बाहेरच्याच मापाचं राहतं. अस्तराच्या बाजूच्या शिवणी वरच्या काठाशी १ सेंमीवर सुरू करून तिरक्या नेत तळाशी दीड सेंमीवर आणा. तळाची शिवणही दीड सेंमीवर. वरून खालपर्यंत दीड सेंमी घेतलीत तर काठाचा घेर २ सेंमीने कमी पडेल आणि जोडताना ओढाताण होईल. उलटवण्यासाठी तळाच्या शिवणीत किमान १५ सेंमी जागा सोडा. टॉवेलचं कापड अस्तराला वापरू नका, फण्या-क्लिपा त्याच्या फासांत अडकतात.

टाके सुटणं

१४ नंबरची सुई इथे पुरत नाही. १६ लावा, चादर आणि फोम एकत्र असेल तर १८. टाका ३ ते साडेतीन मिमी. जाड शिवणीवर चढताना मशीनचा पाय पुढून उचलला जातो, कापड सुईबरोबर वर-खाली होतं आणि शटलला दोऱ्याचा फास सापडत नाही. पायाच्या मागच्या बाजूखाली तेवढ्याच जाडीची कापडाची घडी ठेवा, म्हणजे पाय सपाट बसेल. तेवढे पाच-सहा टाके चाक हाताने फिरवून घाला.

बंदांसाठी, म्हणजे धरायच्या पट्ट्यांसाठी, नवार उत्तम. टोकं नुसती काठाच्या शिवणीत अडकवली तर भार आला की तीच आधी उसवते. अस्तर जोडण्यापूर्वी नवार काठाखाली ५ सेंमीपर्यंत आणा आणि फोमसकट चौकोन व त्यात फुली अशी शिवा. तळाला पुठ्ठ्याऐवजी साडेअठरा सेंमीचा सनबोर्ड (हलका, ताठ प्लास्टिकचा बोर्ड) घाला, कोपरे गोल करून. टोकदार कोपरा अस्तर फाडतो.

गोल बास्केट

कडक भाकरीसाठी गोल हवी असेल तर आधी भाकरी मोजा. तयार तळ २६ सेंमीचा हवा असेल तर गोल २८ चा कापायचा, पण बाजूच्या पट्टीची लांबी २६ वरूनच काढायची: २६ × ३.१४ म्हणजे ८१.६, अधिक माया २, एकूण ८३.६ सेंमी. २८ वरून काढलीत तर पट्टी सहा सेंमींहून जास्त उरते आणि तळाशी चुण्या येतात. दर दीड सेंमीवर ७ मिमीचे काप पट्टीला द्या, गोलाला नाही. शिवताना पट्टी वर ठेवा. भाकरीच्या बास्केटला अस्तर सुती आणि काढून धुता येईल असं सुटंच ठेवा.