शाळेत एआय शिकवताय? या चुका टाळा

पहिल्याच तासाला चॅटबॉट उघडू नका. मुंबईतल्या शाळांत वर्ग घेताना मी हीच चूक सगळ्यात जास्त पाहतो. मुलं प्रश्न टाइप करायला शिकतात, पुढे काही नाही. सीबीएसईने नववीला एआय हा विषय २०१९-२० मध्ये आणला, चॅटजीपीटी आलं नोव्हेंबर २०२२ मध्ये. विषय आधीचा आहे आणि त्याची सुरुवात डेटापासून होते.

डेटा घाईत गोळा करणं ही चूक मला अजून सलते. उपनगरातल्या एका शाळेत आठवीच्या मुलांनी टीचेबल मशीनवर, म्हणजे फोटो दाखवून कॉम्प्युटरला वस्तू ओळखायला शिकवणाऱ्या गुगलच्या साधनावर, ओला-सुका कचरा ओळखणारं मॉडेल केलं. प्रदर्शन चार दिवसांवर, म्हणून सगळे फोटो एकाच दुपारी काढले. ओला कचरा हिरव्या बाकावर, सुका पांढऱ्या लादीवर. वर्गात एकही उत्तर चुकलं नाही. प्रदर्शनात मात्र टेबलावर पांढरी चादर होती. केळ्याची साल ठेवली, उत्तर ‘सुका’. मेथीची देठं, तीही ‘सुका’. गटातली मुलगी रडवेली होऊन लॅपटॉप बंद-चालू करत राहिली. बिघाड काहीच नव्हता. मशीन कचरा ओळखायला शिकलंच नव्हतं, ते मागचा रंग बघत होतं.

तेव्हापासून मी प्रत्येक वस्तूचे फोटो तीन जागी काढायला लावतो: बाकावर, जमिनीवर, हातात. प्रत्येक प्रकारातले दहा फोटो बाजूला ठेवायचे, मशीनला दाखवायचे नाहीत. चाचणी त्यांच्यावरच. दोन तास जास्त जातात. “सर, तयार डेटा डाउनलोड करू?” असं कोणीतरी विचारतंच. मी नाही म्हणतो. उद्या बँकेत किंवा गोदामात तयार मॉडेल मिळेल, पण ते कुठे चुकतंय हे ओळखणारी नजर स्वतः हात घातल्याशिवाय येत नाही.

मुलांचे चेहरे, नावं कुठल्याही ॲपवर चढवू नका. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्यांसाठी पालकांच्या संमतीची अट आहे.

आणि सगळं कॉम्प्युटरच्या सरांवर टाकू नका. भूगोलाच्या बाईंना सोबत घ्या. २६ जुलै २००५ च्या पावसाचे आकडे फळ्यावर लिहा: सांताक्रूझ ९४४ मिलिमीटर, कुलाबा ७३. मग विचारा, मशीनला फक्त कुलाब्याचे आकडे दिले असते, तर त्या दिवशीची मुंबई त्याला कशी दिसली असती?