गेमवरून बनलेल्या पिक्चरमधली बंदूक कुठली, हे कसं ओळखायचं

आमच्या घरी बंदुका दोनच प्रकारच्या. लांब असली की एके-४७ आणि छोटी असली की रिव्हॉल्व्हर. काका तर २००२ चा रेसिडेंट ईव्हिल (झोंबींच्या गेमवरून बनलेला पिक्चर) बघताना पूर्ण वेळ एके-४७, एके-४७ करत होते आणि त्यांना समजावता समजावता माझा अर्धा पिक्चर बुडाला, म्हणून एकदाचं लिहूनच टाकतो.

आधी टीव्हीचा आवाज बंद करा. खरंच सांगतोय. बंदुकीचे आवाज शूटिंगनंतर स्टुडिओत भरतात, त्यामुळे पिक्चरमध्ये कोणी पिस्तूल नुसतं वर उचललं तरी खटॅक वाजतं. आवाजावरून बंदूक ओळखायला गेलात तर हमखास फसाल.

मग पॉझ कुठे करायचा ते ठरवा. गोळीबार चालू असताना कॅमेरा इतका हलतो की नुसता ठिणग्यांचा फोटो मिळतो, त्यापेक्षा कमांडो ट्रेनमधून हाइव्हकडे, म्हणजे जमिनीखालच्या प्रयोगशाळेकडे निघालेत किंवा कोणी मॅगझिन (गोळ्या भरलेला, बंदुकीला लावायचा डबा) बदलतंय असा शांत सीन पकडा. बंदूक बाजूने दिसली पाहिजे, समोरून सगळ्या सारख्याच दिसतात.

आता मॅगझिन बघा, कारण निम्मं काम इथेच होतं. पातळ, केळ्यासारखं किंचित वळलेलं मॅगझिन, नळीच्या वर डाव्या बाजूला ओढायचा छोटा खटका, मागे दस्ता नाही आणि पुढे धरायला उभी मूठ, असं सगळं एकत्र दिसलं की ती एमपी५के. जर्मनीच्या हेकलर अँड कॉखची ही बंदूक १९७६ ची, आणि एवढीशी असते की खेळणंच वाटतं. हिची मोठी बहीण एमपी५ तुम्ही बघितलेली आहेच, २६/११ ला एनएसजी कमांडोंच्या हातात टीव्हीवर दिसत होती. आणि सायबर कॅफेत काउंटर-स्ट्राइक खेळलेल्यांना तर वेगळं सांगायलाच नको, घाईघाईत जी विकत घ्यायचो तीच ही.

पुढची पायरी जरा अवघड, सजावट मनातल्या मनात काढून टाकायची. पिक्चर भविष्यातला असला की प्रॉपवाले खरीच बंदूक घेतात आणि तिच्यावर प्लॅस्टिकचे डबे, टॉर्च, पट्ट्या काय वाटेल ते चिकटवतात. २००५ चा डूम घ्या, हाही गेमवरूनच बनलेला. गोष्ट मंगळावरची, साल २०४६, शूटिंग मात्र प्रागला, आणि हिरो कार्ल अर्बनच्या हातातली रायफल मुळात आपल्या काळातली, हेकलर अँड कॉखचीच जी३६. सजावटीने काय काय झाकता येत नाही ते बघत जा: मॅगझिन घुसतं ती जागा, गोळी सुटल्यावर रिकाम्या पुंगळ्या उडतात ती खिडकी, आणि खेचायचा खटका. या तीन गोष्टी झाकल्या तर बंदूक चालणारच नाही ना. जी३६ चं मॅगझिन अर्धपारदर्शक असतं, आतली काडतुसं दिसतात, आणि त्याच्या बाजूला छोटे गुंडे असतात, म्हणजे दोन मॅगझिन लेगोसारखी एकमेकांना अडकवता येतात. बीजीएमआय या मोबाइल गेममध्ये हिची आखूड बहीण जी३६सी उचलली असेल तर अंदाज येईल. डूममध्ये गेमसारखा पाचेक मिनिटांचा फर्स्ट पर्सन, म्हणजे बंदूकवाल्याच्याच नजरेतून दिसणारा सीन आहे, त्यात बंदूक सतत डोळ्यासमोर असते, सरावाला तोच बरा (पिक्चर बाकी यथातथाच आहे, पण तो सीन मस्त).

प्रत्येक बंदुकीचा शोध घेत बसू नका. डूममध्ये द रॉक जी बीएफजी नावाची अवाढव्य बंदूक मिरवतो ती सरळ गेममधून आलेली, तिच्याखाली खरं काही शोधायला गेलात तर रात्र जाईल. रेसिडेंट ईव्हिलच्या दुसऱ्या भागात, २००४ च्या अपोकॅलिप्समध्ये, नेमेसिस नावाच्या राक्षसाच्या हातातली फिरत्या नळ्यांची मिनीगन मात्र खरी जात आहे, फक्त ती हेलिकॉप्टरवर किंवा गाडीवर बसवतात, विजेच्या मोटरवर फिरते आणि मिनिटाला हजारो गोळ्या सोडते. एकट्या माणसाने हातात धरून चालवायची ती वस्तूच नव्हे, म्हणून तर राक्षसाला दिलीय.

शेवटी पुंगळ्या बघा. पिस्तूल असो की एमपी५के, प्रत्येक गोळीमागे रिकामी पुंगळी बाहेर उडते. दुनळीचं तसं नसतं, ती मधून मोडून उघडावी लागते. रेसिडेंट ईव्हिलच्याच २०१० च्या आफ्टरलाइफमध्ये हिरोइन अ‍ॅलिस ज्या दोन आखूड बंदुकांतून चक्क नाणी झाडते, त्या तशाच दुनळी.

सरावासाठी एक सोपा सीन देतो. पहिल्या रेसिडेंट ईव्हिलचा अगदी शेवट, अ‍ॅलिस दवाखान्यातून बाहेर येते, रस्ता ओसाड, पोलिसांच्या गाडीतून शॉटगन काढते आणि नळीखाली हात मागेपुढे सरकवून ती लोड करते. तो हात कुठे सरकतो तिथे पॉझ करा. काकांना पण दाखवला मी, ते म्हणाले, हां, ही वेगळी एके-४७ दिसतेय.