मृग लागला म्हणून कुरी जुंपू नका

मृग ७-८ जूनला लागेल. तो दरवर्षी त्याच सुमारास लागतो, पाऊस मात्र पाळी ठरवून येत नाही. बेळगाव जिल्ह्यात निपाणी, चिकोडी, हुक्केरीकडे याच फरकात सोयाबीन गेलेलं पाहिलंय. मृगाची एखादी सर पडते, गावभर कुऱ्या, म्हणजे पेरणीची अवजारं, निघतात. मग उघडीप पडते, काळ्या रानावर पापुद्रा धरतो आणि बी आतच कुजतं.

मृग लागला म्हणजे सूर्य त्या नक्षत्राच्या भागात शिरला, एवढंच. फिरते पृथ्वी, पण आपल्याला सूर्यच ताऱ्यांमधून सरकताना दिसतो. त्या वाटेचे २७ भाग, प्रत्येक १३ अंश २० कलांचा, म्हणून एक नक्षत्र १३-१४ दिवस चालतं. ढग, वारा, ओल या हिशेबात कुठेच नाही. पंचांगात नक्षत्राला जे पावसाचं वाहन देतात, त्याचंही तेच. बेडूक की गाढव, हे सूर्यनक्षत्रापासून चंद्रनक्षत्रापर्यंत मोजून नवाने भागल्यावरच्या बाकीवरून ठरतं. त्यावर तीस किलो बी कसलं लावता?

शिवाय ऋतू ताऱ्यांवर चालत नाहीत. सूर्य उत्तरेकडे किती सरकला यावर चालतात, आणि ती हद्द २१ जूनच्या सुमारास येते. पृथ्वीचा आस सावकाश डोलतो, त्यामुळे नक्षत्राची तारीख ऋतूच्या मानाने दर ७२ वर्षांनी साधारण एक दिवस पुढे जाते. पंधराशे वर्षांपूर्वी हाच मृग आजच्या मेच्या मध्यास लागत असे. जुनी माणसं नक्षत्र बघत, पण ढेकूळही फोडून बघत. आपण दुसरं सोडलं.

शिफारस ७५ ते १०० मिलिमीटर पावसानंतर पेरण्याची आहे. सरळ बाजूंचा डबा उघड्यावर ठेवा, रोज सकाळी पट्टीने मोजा. माझा ठोकताळा असा: वीतभर खोल माती मुठीत दाबून गोळा झाला पाहिजे आणि बोटाने टिचकी मारताच फुटला पाहिजे. चिकटून राहिला तर वापसा, म्हणजे पेरणीजोगी ओल, नाही, गोळाच झाला नाही तर ओल नाही. दोन्ही वेळी थांबा. पण आर्द्रा संपेपर्यंत, म्हणजे ५ जुलैच्या आसपास, पेरा उरकायला बघा. उशिराच्या सोयाबीनवर आपल्याकडे तांबेरा हा पानांवरचा बुरशीचा रोग जास्त येतो.

खानापूर आणि बेळगावच्या पश्चिम पट्ट्यातली भाताची धूळवाफ पेरणी वेगळी. ती कोरड्यातच करायची असते, तिला हे लागू नाही.

बाकी नेहमीचं:
- उगवण चाचणी: १०० बियांत ७० तरी उगवाव्यात
- बी एकरी २५-३० किलो, खोली ३-४ सेंटिमीटर
- बियाला ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला आवरणारी मित्रबुरशी) किलोला ८-१० ग्रॅम, मग रायझोबियम (मुळांच्या गाठींत नत्र धरणारे जिवाणू)
- तांबेऱ्याच्या भागात धारवाडचं डीएसबी २१ हे सोयाबीनचं वाण
- बियाण्यासाठी आधी रयत संपर्क केंद्र (कृषी खात्याचं केंद्र)

दुकानदार पिशवीबरोबर 'उगवण वाढवणारं' टॉनिक पुढे सरकवेल. कोरड्या मातीत कुठलीही बाटली ओल आणत नाही. ते पैसे दुबार पेरणीच्या बियाण्याला राहू द्या, आणि पावती, टॅग, थोडं बी जपून ठेवा. उगवलं नाही तर तक्रारीला तेच लागतं.

पेरून बसलाच असाल आणि पापुद्रा धरला असेल, तर पाणी आहे त्यांनी तुषारने हलकं पाणी द्यावं. नसेल त्यांनी कोंब वर यायच्या आधी बाभळीची फांदी ओळींवरून अलगद ओढावी. नांगे, म्हणजे न उगवलेल्या जागा, आठवड्याभरात भरा.