कंपनी बंद पडली, आजोबांची दोनाळी बंदूक घरात आहे, आता काय करायचं?

मागच्या महिन्यात वाळपईहून चुलतभावाचा फोन, दादा ती वेबली कंपनी बंद पडली म्हणे, आता आपल्या बंदुकीचं लायसन्स रद्द होतलं काय? मला हसूच आलं. अरे बाबा, वेबली अँड स्कॉटने बर्मिंगहॅमला बंदुका बनवणं 1979 च्या सुमारास थांबवलं, तेव्हा तुझा जन्मपण नव्हता! पण असा प्रश्न बऱ्याच जणांना पडतो म्हणून सगळं एकदाच लिहून टाकतो.

लायसन्सचा आणि कंपनीचा काही संबंध नाही. लायसन्स माणसाच्या नावावर असतं, त्यात बंदुकीचा बोअर (नळीचं माप), मेक (बनवणारी कंपनी) आणि नंबर लिहिलेला असतो, बस. तर सगळ्यात आधी बंदूक उघडून नळ्या रिकाम्या आहेत ते डोळ्यांनी बघा, मग बंदुकीवरचा नंबर आणि लायसन्सवरचा नंबर एक एक आकडा जुळवा. आमच्याकडे 3 चा 8 झालेला, जुन्या रजिस्टरवरून उतरवताना कोणीतरी चुकलेलं, आणि तो दुरुस्त करायला कलेक्टर ऑफिसच्या चार खेपा झाल्या. कंपनी चालू असती तरी त्या खेपा चुकल्या नसत्या.

आता बंद पडली म्हणजे नक्की काय झालं ते समजून घ्या, कारण नाव, कारखाना आणि सुटे भाग ह्या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. अमेरिकेतली रेमिंग्टन बघा, 1816 पासूनची, 2018 ला एकदा आणि 2020 ला परत दिवाळखोरीत गेली, मग तुकडे पाडून विकली, काडतुसांचा धंदा एकाने घेतला, त्यांचा मार्लिन हा ब्रँड रुगर कंपनीने घेतला, बंदुकांचा धंदा तिसऱ्याने, आणि मार्च 2024 ला न्यूयॉर्क राज्यातल्या इलियनचा मूळ कारखानापण बंद. नाव मात्र अजून चालूच आहे. वेबलीचंही तसंच, त्या नावाची रिव्हॉल्व्हर आता उत्तर प्रदेशात संडीला इथे बनते, पण तिथे जाऊन आजोबांच्या दोनाळीची स्प्रिंग मागू नका, त्यांचा त्याच्याशी काही संबंध नाही.

आणि गंमत अशी की जुन्या इंग्लिश दोनाळीला कंपनी गेल्याचा फारसा फटका बसतच नाही. ते पार्ट कानस मारून हाताने बसवलेले असायचे, एकीचा पार्ट दुसरीला तसाही नीट बसत नाही. स्प्रिंग किंवा पिन तुटली तर चांगला कारागीर नवीन घडवूनच देतो, फक्त तो लायसन्सवाला असायला हवा. तो बेळगाव-कोल्हापूरला असेल तर आधी लायसन्सवरचा एरिया, म्हणजे बंदूक कुठवर नेता येते ते बघा, नुसतं गोवा लिहिलेलं असेल तर परवानगी घेतल्याशिवाय चोर्ला घाट चढायचा नाही. रेमिंग्टनसारख्या कारखान्यात घाऊक बनलेल्या बंदुकीचं उलट, तिथे तयार पार्टांवरच सगळा खेळ, साठा संपला की अडतं.

काडतुसाची काळजी नको, 12 बोअर हे माप आहे, ब्रँड नाही, आपलं पुण्याजवळच्या खडकीच्या सरकारी कारखान्यातलं शक्तिमान काडतूस चालतं. पण इथे नीट वाचा. जुन्या बंदुकांचे चेंबर (नळीतली काडतूस बसायची जागा) बऱ्याचदा 65 मिलिमीटरचे असतात आणि 70 चं काडतूस त्यात आरामात बसतं, कारण ते 70 माप उडाल्यावर तोंड उलगडतं तेव्हाचं असतं. बसलं म्हणजे चाललं असं समजून बार काढलात तर नळीतला दाब भलताच वाढू शकतो. नळ्यांच्या खालच्या बाजूला शिक्के असतात, ते कारागिराकडून वाचून घ्या. नळीवर लाकडाच्या रेषांसारखी नक्षी दिसली तर ती डमास्कस, काळ्या दारूच्या जमान्यातली, तिच्यात हल्लीचं काडतूस घालूच नका, भिंतीवर शोभेल ती. (भिंतीवर टांगायलासुद्धा कागद लागतात, ते परत वेगळं.)

आपल्याकडे बंदुकीचा खरा शत्रू पाऊस. माझी दोनाळी एकदा जूनमध्ये चामड्याच्या कव्हरात घालून ठेवली आणि गणेश चवथीला काढली तर नळीवर लाल गंज, दस्त्यावर बुरशी, आईने ती बघून काय काय ऐकवलं ते लिहीत नाही. चामडं ओल धरतं. नळ्या कोरड्या पुसा, पातळ तेलाचा हात फिरवा, जुन्या धुतलेल्या सुती कपड्यात गुंडाळून कुलुपाच्या कपाटात ठेवा, सोबत सिलिका जेलच्या पुड्या, आणि पावसात दर पंधरा दिवसांनी काढून बघा. तेल जास्त ओतू नका, ते दस्त्याच्या लाकडात मुरतं आणि लाकूड मऊ पडतं.

निवडणूक लागली की पोलीस स्टेशनात जमा करायचा आदेश येतो, तेव्हा पावतीवर नंबर लिहून घ्या आणि देण्याआधी तेल लावूनच द्या.

लायसन्सवाला माणूस गेला तर मात्र बंदूक आठवण म्हणून माळ्यावर टाकू नका. उशीर न करता पोलीस स्टेशन किंवा लायसन्सवाल्या डीलरकडे जमा करायची, पावती घ्यायची, मग वारसाने स्वतःच्या नावाने अर्ज करायचा, वय 21 पूर्ण हवं. आपल्याकडे गोव्यात वारसाचे कागद नोटरीकडच्या डीड ऑफ सक्सेशनने (वारस कोण ते सांगणारा दस्त) किंवा इन्व्हेंटरीने (कोर्टातून होणारी वाटणी) होतात, बाकीच्या भावंडांची संमती लागते आणि घोडं तिथेच अडतं. त्यापेक्षा लायसन्सवाला हयात असतानाच करा, 2016 च्या शस्त्र नियमांप्रमाणे वय 70 झालं किंवा बंदूक 25 वर्षं बाळगली, यातलं जे आधी होईल त्यानंतर तो स्वतः वारसाचं नाव देऊ शकतो. एका माणसाला दोनच हत्यारं, हा शस्त्र कायद्यातला 2019 चा बदल, म्हणजे वारसाकडे आधीच दोन असतील तर तिसरी घेता येत नाही.

विकायची असेल तर दुसऱ्या लायसन्सवाल्यालाच, आणि आधी लेखी कळवून 45 दिवस थांबायचं. कंपनी बंद म्हणजे अँटिक, लाखाचा माल, असं सांगणारे भेटतील. बाहेरून हत्यार आणणं ऐंशीच्या दशकापासून आपल्याकडे जवळपास बंद आहे म्हणून विलायती मेकला भाव असतो खरा, पण नळी आतून खड्डे पडलेली असेल तर नुसत्या नावाला कोण पैसे देणार.

चुलतभावाला सांगितलं, आधी नळीतून उजेडाकडे बघ आणि फोटो पाठव. त्याने कव्हराचा फोटो पाठवला. चामड्याचं.