स्टँड असो वा विमानतळ, स्वच्छतागृह आखताना या चुका टाळा

"गाडी दहा मिनिटं थांबेल!" कंडक्टरनं ओरडून सांगितलं की एसटीतून वीसेक बायका खाली उतरतात. आत संडास तीन. साडी सावरायची, पर्स सांभाळायची, कडेवरचं पोर शेजारणीकडे द्यायचं, म्हणजे एकीला अडीच मिनिटं धरा. शेवटची बाहेर येईपर्यंत सतरा मिनिटं होतात, आणि ड्रायव्हरनं हॉर्न तर दहाव्याच मिनिटाला वाजवलेला असतो. पलीकडे पुरुषांच्या बाजूला रांगच नाही.

नकाशात मात्र दोन्ही बाजूंना सारखीच जागा दिलेली असते. दिसायला हा न्याय वाटतो, पण एका संडासाच्या जागेत जवळजवळ दोन मुताऱ्या बसतात आणि पुरुषांना वेळही कमी लागतो. पुरुषांच्या मुताऱ्या आणि संडास मिळून जेवढे होतात, तेवढे तरी बायकांचे संडास हवेत. खरं तर त्याच्या दीडपट. मुंबईत २०११ च्या सुमारास 'राइट टू पी' (लघवीचा हक्क) ही चळवळ उभी राहिली तेव्हा आणखी एक गोष्ट चव्हाट्यावर आली: लघवीला पुरुषांना फुकट, बायकांना मात्र पैसे.

दुसरी चूक दिवसाच्या सरासरीवर हिशेब मांडण्याची. गर्दी कधी सरासरीनं येत नाही. १८० सीटचं विमान उतरतं, शेवटची वीसेक मिनिटं सगळे पट्टा लावून बसलेले, त्यामुळे बॅगांच्या पट्ट्याकडे जाताना जे पहिलं स्वच्छतागृह दिसेल त्यावर सगळे तुटून पडतात. मोठं तिथेच बांधा, कोपऱ्यात उरलेल्या जागेत नको. आणि एकच भलंमोठं बांधण्यापेक्षा शेजारीशेजारी दोन बांधा. एक धुवायला घेतलं तर दुसरं चालू राहतं. नाहीतर ऐन गर्दीत मावशी दारात बादली आडवी लावतात आणि शिव्याही त्यांनाच बसतात.

वासाची तक्रार आली की आधी अत्तराच्या वड्या मागवल्या जातात. त्याआधी जमिनीतल्या नहाणी ट्रॅपमध्ये, म्हणजे जाळीखालच्या पाणी साचवून ठेवणाऱ्या भांड्यात, बादलीभर पाणी ओतून बघा. ट्रॅपमध्ये साधारण ५० मिलिमीटर पाणी साचून राहिलं तरच गटाराचा वास अडतो, आणि कमी वापराच्या कोपऱ्यातलं हे पाणी वाळून जातं. पाणी ओतल्यावर वास गेला, तर चोर सापडला. नाही गेला तर एक्झॉस्ट पंखा पाहा: दाराखाली फट नसेल तर बाहेरून हवा आत येणार कुठून?

बेसिनसमोर कायम चिखल होत असेल, तर हात वाळवायचं मशीन किती लांब आहे ते मोजा. ओले हात घेऊन माणूस चार पावलं चालला की लादी भिजलीच. व्हीलचेअरसाठीच्या खोलीत चाकाची खुर्ची वळायला १५०० मिलिमीटरचं वर्तुळ मोकळं लागतं. आपल्याकडे त्या वर्तुळात बहुधा फिनाईलचे कॅन आणि मोडका पोछा उभा असतो.

संडासाचं दार आत उघडत असेल, तर चाकाची बॅग घेऊन एकदा स्वतः आत शिरून पाहा. दार लागायला कमोडवर चढावं लागतं. आणि पर्स टांगायची खुंटी? ती नकाशात नसतेच. कंत्राटदाराला विचारलं की उत्तर ठरलेलं, "बिलात धरलेली नाही, मॅडम."