लॉनची वर्षभराची तयारी: आधी शेणखत कुजलंय का बघा

लॉनचं वर्ष जानेवारीत सुरू होत नाही. होळी होते, रात्रीचं पांघरूण पायाशी सरकायला लागतं, तेव्हा हरळी जागी होते. यादी तिथून धरायची. माझं लॉन सांगलीत, घरापुढे सहाशे चौरस फूट, खाली काळी माती. गवत सिलेक्शन वन, म्हणजे नर्सरीत बारसं झालेली आपली हरळीच. तुमच्याकडे मेक्सिकन असेल तरी वेळापत्रक साधारण हेच, फक्त ते सावकाश वाढतं आणि कापणी कमी लागते. दोन्ही उन्हाळी गवतं. उकाड्यात पसरतात, थंडीत रुसून बसतात. आंब्याच्या दाट सावलीत दोन्हीही येत नाहीत. तिथे फरशी टाका आणि विषय मिटवा.

आता मुख्य कलम. शेणखत पूर्ण कुजलेलं हवं. यादीतलं बाकी काही विसरलात तर एखादा महिना गवत कळकट दिसेल, एवढंच. हे विसरलात तर गवतच राहणार नाही. मी विसरलो होतो. मे महिन्याच्या शेवटी छोटा हत्ती भरून खत आणलं, देणारा म्हणाला कुजलंय, मी हात न घालता पैसे दिले आणि पावसाबरोबर आत मुरेल या हिशेबाने सगळं पसरून टाकलं. जुलैभर लॉन असं हिरवंगार, की लोक फाटकाशी थांबून बघायचे. नागपंचमीनंतर एका कोपऱ्यात पिवळं पडलं. मी युरिया दिला. मग बुरशी समजून बुरशीनाशक मारलं. साळुंक्या आणि कावळे दिवसभर तिथेच चोच मारत बसायचे, मी कौतुकाने फोटो काढत होतो. शेवटी शेजारचे अण्णा आले, सगळा जन्म उसात गेलेला माणूस. वाकले, पिवळं गवत मुठीत धरून उचललं, तर वाकळ उचलावी तसा हातभर तुकडा अलगद वर आला. खाली मूळ म्हणून नाही. पांढऱ्या, मांसल, तपकिरी डोक्याच्या अळ्या अंग मुडपून पडलेल्या, वीतभर जागेत आठ. "हुमणी लागलीया की हो," अण्णा म्हणाले, "खत कच्चं टाकलंत न्हवं?"

तेव्हा मार्चच्या कामाला हात लावण्याआधी खताच्या ढिगात कोपरापर्यंत हात घाला. आत कोमट लागलं तर कुजलेलं नाही. शेणाचा नाहीतर गोठ्याचा उग्र वास आला तर कुजलेलं नाही. पाचटाच्या काड्या ओळखू येत असतील तरी नाही. काळपट, भुसभुशीत, पहिल्या पावसाच्या मातीसारखा वास, असं झालं की मगच वाळूच्या चाळणीतून काढायचं. चाळताना अळ्या दिसतीलच. त्यातली प्रत्येक अळी हुमणीची नसते, गेंड्या भुंग्याची अळीही खतात वाढते आणि ती गवताची मुळं खात बसत नाही. पण ओळखपरेड करत बसू नका, सगळ्या वेचून कोंबड्यांना घाला.

मार्चची बाकीची कामं पटापट सांगतो. कापणीयंत्राचं पातं धार लावून आणा. बोथट पात्याने गवत कापलं न जाता फाटतं आणि दुसऱ्या दिवशी सगळं लॉन पांढुरकं दिसतं. मग यंत्र सगळ्यात खाली उतरवून हरळी एकदाच पार खरवडून काढा, मेक्सिकनला मात्र इतकं खाली नेऊ नका. दाताळ्याने वाळक्या काड्यांची गादी ओढून काढा. वीत-वीत अंतरावर पहारीने चार बोटं खोल भोकं पाडा. काळ्या मातीत हे टाळलं तर वरून घातलेलं सगळं वरच राहतं. मग चाळलेलं शेणखत, पोयटा आणि वाळू समभाग मिसळून अर्धा सेंटीमीटर थर द्या. सहाशे फुटांना पंधरा-सोळा घमेली पुरतात. मी गाडीभर खत ओतलं होतं, त्यातही मूर्खपणा होता. युरिया द्यायचा तर शंभर चौरस फुटांना शंभर ग्रॅम, तोलून, कोरड्या पानावर, आणि लगेच पाणी. दव असताना टाकला तर पानं भाजतात.

चैत्र-वैशाखात पाणी, दुसरं काय. पण रोज संध्याकाळी पाइप धरून शिंपडणं म्हणजे पाणी देणं नव्हे. त्याने मुळं वरच्या वर राहतात. एरवी आठवड्याला २५ मिलिमीटर लागतं, एप्रिल-मेमध्ये त्याच्या दीडपट. २५ मिलिमीटर म्हणजे सहाशे फुटांना साधारण चौदाशे लिटर. फवारा लावून लॉनवर सरळ कडेची वाटी ठेवा आणि पट्टीने मोजा, अंदाज कायमचा बसतो. दोन-तीन दिवसांच्या अंतराने, पहाटे, भरपूर. चालल्यावर पाऊल उमटून तसंच राहिलं की गवत तहानलेलं आहे.

याच दिवसांत वळवाकडे लक्ष ठेवा. पहिला जोराचा वळीव झाला की हुमणीचे भुंगेरे त्याच संध्याकाळी जमिनीतून निघतात आणि कडुनिंबावर, बाभळीवर, बोरीवर गोळा होतात. वर्षात त्यांची एकच पिढी असते, म्हणून या चार-पाच संध्याकाळी हातच्या घालवायच्या नाहीत. साडेसातच्या सुमारास झाडाखाली जुनी चादर पसरा, फांदी हलवा, पडतील ते रॉकेल घातलेल्या पाण्यात. अंगणातला दिवा जाळत ठेवायचा असेल तर त्याखालीही तसंच घमेलं ठेवा, नुसता दिवा म्हणजे आमंत्रण. माझ्या कुंपणाला कडुनिंब आहे आणि त्या मे महिन्यात मी झाडाखाली खुर्ची टाकून गार वारा खात होतो. डोक्यावर घूं घूं चाललेली. खाली ताजं कच्चं खत. मादीला अंडी घालायला यापेक्षा बरी जागा कुठे मिळणार? म्हणून पुन्हा सांगतो: खत मार्चमध्ये, कुजलेलं, चाळलेलं. मेमध्ये नाही. स्वस्त मिळतंय म्हणून तर नाहीच.

जूनमध्ये पाऊस लागून माती ओली झाली की मेटारायझियम. ही बुरशी हुमणीच्या अळीवर वाढून तिला मारते. एकरी आठ किलोच्या हिशेबाने सहाशे फुटांना सव्वाशे ग्रॅमच्या आत लागते. संध्याकाळी, ओलीवर, कुजलेल्या (हो, कुजलेल्याच) शेणखतात मिसळून पसरा. त्यानंतर काही आठवडे बुरशीनाशक मारलंत तर स्वतःच पेरलेलं स्वतःच मारलं. मी नेमकं बुरशीनाशकच मारत बसलो होतो, तेव्हा हे नाव ऐकलंसुद्धा नव्हतं.

पावसाळ्यात पाणी साचू देऊ नका. डबकं दुसऱ्या दिवशीही दिसलं तर कडेने चर काढा. कापणी आठवड्याला, उघडीप बघून, उंचीचा तिसरा हिस्साच. पंधरा दिवस राहून गेलं म्हणून एकदम तळाशी कापलं तर खालचे पिवळे दांडे उघडे पडतात. हरळी इंचभर ठेवली की पुरे. लव्हाळा येणारच. दांडी बोटांत फिरवा, तीन कडा लागल्या की तोच. वरून उपटला तर जमिनीतली गाठ शाबूत राहते आणि आठवड्यात पुन्हा डोकं वर काढते, म्हणून अरुंद खुरप्याने गाठीसकट काढायचा. गाजर गवत फुलण्याआधी. बाकीचं तण कापणीतच मरतं.

ऑगस्टमध्ये, लॉन कितीही सुंदर दिसत असलं तरी, दर आठवड्याला तीन-चार ठिकाणी गवत मुठीत धरून ओढून बघा. दोन सेकंदांचं काम. सुटून आलं तर खाली हुमणी आहे. शंका आली तर चौरस फुटाचा चौकोन तीन बाजूंनी कापून पानासारखा उलटा. एखाद-दुसरी अळी गवत सोसतं, पाच-सहा निघाल्या तर कृषी सेवा केंद्र गाठा आणि सोबत अळी बाटलीत घालून न्या, नाहीतर काऊंटरवरचा माणूस काहीही देईल. औषध टाकलंत तर आळीत सांगून ठेवा. हरळी म्हणजे दूर्वा, आणि गणपतीच्या आदल्या दिवशी निम्मी गल्ली जुड्या करायला तुमच्या फाटकात उभी असते. मी त्या वर्षी फाटकाला पाटी लावली होती, तरी पोरं कोपऱ्यातून आत शिरलीच.

ऑक्टोबर हीटमध्ये पुन्हा शंभराला शंभर ग्रॅम युरिया, पाणी पूर्ववत, उघड्या पडलेल्या जागी हरळीचे तुकडे टोचून घ्या, थंडीच्या आत धरतात. थंडीत वाढ मंदावते, रंग उतरतो, घाबरून खत घालू नका. पाणी आठ-दहा दिवसांनी. कापणी महिन्याला, जमलं तर.

आणि दिवाळी झाली की लगेच शेणखत सांगा. मार्चमध्ये नाही, दिवाळीनंतर, म्हणजे चार महिने तुमच्या डोळ्यांसमोर कुजेल. कोपऱ्यात ढीग घाला, ओलसर ठेवा, महिन्याला एकदा फावड्याने वरचं खाली करा. आतल्या अळ्या वर आल्या की कावळे येतात. त्यांना हाकलू नका. वर ताडपत्री. माझा ढीग परवाच दुसऱ्यांदा पालटला, आत हात घातला तर अजून कोमट लागतोय.